पावसाचं सोवळं

आमच्या घरात सध्या खिचडी वाळत घातली आहे.

जेवणाच्या टेबलावर वाळवणाचं विजेचं यंत्र आहे. एकावर एक पाच ताटल्या, मागे पंखा, दिवसभर मंद घुर्रघुर्र. तीन ताटल्यांत मुगाची खिचडी, एकीत तुरीची आमटी, एकीत कोबीची भाजी. आठ-दहा तासांनी आमटीचे पापुद्रे सुटतात, तांबूस, कडकडीत. व्हिडिओ कॉलवर आईला ते दाखवले तर ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "शिजवलेली आमटी वाळवायची, ती लांब नेऊन परत भिजवायची. मग मुळात शिजवलीस कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. आयुष्यभर मे महिन्यात अंगणात सांडगे, कुरडया, आमसुलं, मिरगुंडं वाळत घातलेल्या बाईला वाळवण म्हणजे काय हे मी सांगायला जाणं हा उद्धटपणाच. पण तिचं वाळवण पावसाळ्यासाठी, घरात बसून खायचं. माझं वाळवण पावसात उभं राहून खायचं आहे, आणि ते पाठीवर वाहून न्यायचं असल्याने त्यातलं पाणी आधी काढून टाकायचं आहे.

26 जुलैला मी आणि माझी एक मैत्रीण कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर चालायला निघणार आहोत. वेस्ट कोस्ट ट्रेल. उत्तरेला पचीना बे, दक्षिणेला पोर्ट रेनफ्रूजवळची गॉर्डन नदी, मध्ये 75 किलोमीटर. वाटेत गाव नाही, गाडीरस्ता नाही. आम्ही सात रात्री धरल्या आहेत. नवरा म्हणाला, "75 ला सात रात्री? दिवसाला दहासुद्धा पडत नाहीत. आपण तर एका रविवारी वीस चाललो होतो." मीही पहिल्यांदा असाच हिशेब केला होता. मग लोकांचे अनुभव वाचत गेले तेव्हा कळलं, की दक्षिणेकडच्या काही टप्प्यांत तासाला एक किलोमीटर चाललात तर चांगली चाल समजतात. चिखल, झाडांची मुळं, शेवाळलेल्या लाकडी फळ्या आणि शिड्या. सगळ्या मिळून शंभरच्या घरात शिड्या आहेत म्हणे. ओढ्याच्या घळीत उतरायचं, पलीकडे चढायचं, पुढच्या घळीत पुन्हा तेच.

आईने नकाशा वगैरे काही पाहिला नाही. तिने तारीख ऐकली आणि कालनिर्णय काढलं. "25 ला आषाढी आहे. एवढं चालायचंच आहे तर वारीला ये. तिथेही पाऊस असतो. आणि जेवायला मिळतं."

*

ही वाट हौशी माणसांसाठी आखलेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. मुळात हा किनारा हू-ए-आट, डिटिडाट आणि पाचीडाट लोकांचा. त्यांच्या पायवाटा आणि होड्यांच्या वाटा इथे कैक शतकांच्या. 1890 च्या सुमारास त्यावर व्हिक्टोरियाहून केप बीलच्या दीपगृहापर्यंत तारायंत्राची तार ओढली गेली. झाडाझाडांवरून नेलेली एकच तार. वादळात फांदी पडली की तुटायची, मग तारवाला पावसात जाऊन जोडायचा.

आणि मग 1906 चा जानेवारी. सॅन फ्रान्सिस्कोहून सिअॅटलला निघालेली 'व्हॅलेन्शिया' ही आगबोट. धुकं, वारा, कशाचाही ठाव नाही. हुआन द फुका सामुद्रधुनीत वळायचं ते तोंड चुकलं, आणि 22 जानेवारीच्या रात्री पचीना पॉइंटच्या आसपास खडकांवर आदळली. किनारा इतका जवळ की बोटीवरून दिसत होता. पण तो किनारा म्हणजे उभा कडा, आणि मध्ये फुटणाऱ्या लाटा. बोट लगेच बुडाली नाही, हेच त्यातलं भयंकर. दीड दिवस ती थोडी थोडी तुटत राहिली. मदतीला आलेल्या बोटी लाटांमुळे जवळ येऊ शकल्या नाहीत. शंभराहून जास्त माणसं गेली. एकही बाई किंवा मूल वाचलं नाही. जे थोडे पुरुष कसेबसे किनाऱ्याला लागले, त्यांना जंगलात ती तार सापडली. तिच्या कडेकडेने जात ते तारवाल्याच्या खोपटापर्यंत पोहोचले.

त्यानंतर सरकार जागं झालं. 1907 पासून तारेची ती वाट रुंद करायला घेतली, मध्ये मध्ये खोपटी बांधली, पचीना पॉइंटला दीपगृह उभं राहिलं. बुडालेल्या बोटींतून वाचून किनाऱ्याला लागेल त्याला चालत माणसांत येता यावं, एवढ्यासाठी ही वाट. आज आम्ही सहा महिने आधी आरक्षण करतो, पैसे भरतो, ठरल्या दिवशी जाऊन तिथल्या माणसांकडून सक्तीची शिकवणी घेतो आणि हौसेने त्याच वाटेने चालतो. पूर्वीच्या एखाद्या तारवाल्याने हे पाहिलं असतं तर त्याने आमच्या आईसारखाच प्रश्न विचारला असता.

*

आता पावसाचं.

मी कोकणातली. दाभोळच्या खाडीच्या काठी वाढले. पावसाबद्दल मला कुणी काही शिकवावं, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटत होती. या किनाऱ्यावर वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो असं वाचलं तेव्हा मी मैत्रिणीला म्हणाले, "म्हणजे रत्नागिरीएवढा. मग काय!" मैत्रीण नागपूरची. तिला पाऊस म्हणजे उन्हाळ्यानंतर सुटलेला एक सुस्कारा, एवढंच. ती म्हणाली, "तू पाऊस पाऊस करून राहिली, पण थंडीचं काय ते बोल ना."

तिचं बरोबर होतं, आणि ते मला कळायला एप्रिल उजाडावा लागला.

पहिली गोष्ट म्हणजे इथला पाऊस उलटा येतो. आपल्याकडे मृग लागतो त्या दिवसांत इथला पाऊस आवरतं घेत असतो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हे इथले आषाढ-श्रावण. जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. त्यातल्या त्यात म्हणायचं कारण असं, की समुद्रावरून धुकं येतं, झाडं रात्रभर टपटपत राहतात, आणि जुलैतही सलग तीन दिवस कोसळला तर कुणाला नवल वाटत नाही. म्हणजे परवा बाबा फोनवर "मृगाचे चार थेंब पडले हो!" म्हणत होते तेव्हा मी इथे कोरडे दिवस मोजत होते. इतकी वर्षं परदेशात काढूनही माझं शरीर हे मानायला तयार नाही. जून आला की मला अजून भिजावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट मिस्टिक बीचवर कळली.

वेस्ट कोस्ट ट्रेलच्या दक्षिणेला त्याचीच धाकटी बहीण म्हणावी अशी हुआन द फुका ट्रेल आहे, 47 किलोमीटरची. तिच्या सुरुवातीला, गाडी लावून दोन किलोमीटर चाललं की मिस्टिक बीच लागतो. कड्यावरून सरळ वाळूत पडणारा धबधबा आहे तिथे. एप्रिलात एका शनिवारी आम्ही तिथे रंगीत तालमीला गेलो. एक रात्र राहायचं, तंबू लावून बघायचा, स्टोव्ह पेटवून बघायचा. दोन किलोमीटर म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणण्यासारखं. मी आत सुती टी-शर्ट घातला होता, कारण मला सुतीच सोसतं. वर एक जलरोधक म्हणून घेतलेलं जाकीट. ते कुठल्या कंपनीचं होतं ते जाऊ द्या. दुकानात त्यावर पाण्याचे मोती घरंगळत होते, आणि दोन वर्षं कपाटात राहून त्याने ती विद्या टाकली होती.

पाऊस जोराचा नव्हताच. कोकणात ज्याला पाऊस म्हणायला कुणी तोंड उघडणार नाही असा, भुरभुर, सारखा. तापमान सहा-सात अंश, समुद्रावरून वारा. मी मजेत होते. भिजले तर भिजले, असं मनात. शाळेतून येताना रोज भिजायचो, घरी आल्यावर आई डोकं पुसायची, चुलीपुढे बसायचं. ओलं होण्याची मला कधी भीती वाटलीच नाही, कारण भिजण्याच्या शेवटी चूल असायची.

तंबू लावून होईतो तासभर गेला. मग मी स्टोव्ह पेटवायला बसले आणि काडी ओढता येईना. काडी धरलेली दिसत होती, पण बोटं आपली वाटत नव्हती. दुसरी काडी पडली. तिसरी मोडली. मला त्याचं हसू येत होतं आणि मी मैत्रिणीला काहीतरी सांगत होते, ते तिला नीट कळत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातलं सगळं टाकलं आणि म्हणाली, "चूप. शर्ट काढ." तंबूत ढकलून तिने मला तिचे कोरडे कपडे घातले, झोपायच्या पिशवीत कोंबलं आणि तोंडात डिंकाचा लाडू भरला. अर्ध्या तासाने मी कुडकुडायला लागले. ते चांगलं लक्षण होतं म्हणे. त्याआधी मी कुडकुडतही नव्हते.

गाडी दोन किलोमीटरवर होती. हे मी नंतर कितीतरी दिवस मनात घोळवत होते. जिथून गाडी चाळीस किलोमीटरवर असते, तिथे काय?

*

तालमीनंतर माझ्या यादीतून कापूस गेला. अंतर्वस्त्रांपासून रुमालापर्यंत. ओला कापूस अंगाला चिकटून राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो; आपल्याकडे मे महिन्यात त्याचा हाच गुण आपल्याला प्यारा. इथे लोकर. ओली झाली तरी काही ऊब धरून ठेवते. इथल्या दुकानांत मेरिनो लोकरीचे तलम बनियन मिळतात, किंमत वाचून घाम फुटावा असे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग यात नवीन काय? धनगर घोंगडी घेऊन पावसात मेंढरांमागे उभा असतोच की." खरंच. लावणीच्या दिवसांत शेतात पाठीवर इरलं घेऊन वाकलेल्या बायका मी रोज पाहिल्या, धनगरवाड्यावरचे घोंगडी पांघरलेले म्हातारे पाहिले, आणि ते सगळं गरिबीचं म्हणून डोळ्यांआड केलं. शहाण्या माणसाचा पावसाळी वेश म्हणजे प्लास्टिकचा रेनकोट, असं आम्हाला शाळेत जाताना वाटायचं. आता तीच घोंगडी पातळ करून मला विकली जाते आहे आणि मी ती हप्त्याने घेते आहे.

पण सगळ्यात मोठा धडा कोरड्या जोडाचा. नियम असा: कपड्यांचे दोनच जोड. एक चालायचा, तो भिजणारच. दुसरा झोपायचा, तो काही झालं तरी भिजू द्यायचा नाही. त्याला वेगळी जलरोधक पिशवी, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. तंबूत शिरल्यावर आधी ओलं सगळं उतरवायचं, अंग पुसायचं, आणि मग कोरड्या हातांनी त्या पिशवीला हात लावायचा. ओल्या हाताने नाही. मैत्रिणीला हे समजावताना माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सोवळ्यासारखं."

आणि ते अगदी तंतोतंत बसलं. आमची आजी सोवळ्याचं लुगडं माडीवरच्या दांडीवर काठीने वाळत घालायची आणि काठीनेच काढायची. शाळेतून आलेली मी चुकून त्याखालून गेले तरी "शिवलीस!" म्हणून ओरडायची. तेव्हा त्यामागे कोण शिवायचं आणि कोण नाही याचं जे कुरूप राजकारण होतं ते मला पुढे कळलं, आणि सोवळं हा शब्द मी मनातून हद्दपार केला. आता तो असा मागच्या दाराने आला आहे. त्या वाटेवर ओवळं काय, तर मी स्वतःच. माझे चिखलाचे हात, माझे टपटपणारे केस.

सगळ्यात अवघड म्हणे सकाळ. रात्रभर सोवळ्यात ऊबदार झोपलेल्या माणसाने उठून ते कपडे काढून पिशवीत घालायचे आणि कालचे ओले, थंडगार, समुद्राचा वास येणारे कपडे पुन्हा अंगात चढवायचे. आजच्या दिवस कोरडे घालून जाऊ, हा मोह ज्याने केला त्याच्याकडे रात्री काहीच कोरडं उरत नाही. मी घरी सराव केला. शर्ट भिजवून रात्रभर बाल्कनीत ठेवला आणि सकाळी घातला. शेजारच्या बाल्कनीतल्या आजोबांनी माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून "सगळं ठीक ना?" असं विचारलं.

*

बाबांचा या सगळ्यातला रस कपड्यांशी संपला होता. पण भरतीचा विषय निघाला आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

बाबा खाडीपलीकडच्या शाळेत शिकवायचे. तीस वर्षं रोज तरीने जायचे-यायचे. पाणी कधी चढणार, कधी उतरणार, गाळात किती चालावं लागणार, हे त्यांच्या धोतराला, पुढे पँटला, ठाऊक असायचं. या वाटेवर बरंच चालणं किनाऱ्यावरून आहे, आणि काही जागा सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळीच ओलांडता येतात. त्यातली नावाजलेली जागा म्हणजे ओवेन पॉइंट, 67 व्या किलोमीटरजवळ. पाणी 1.8 मीटरच्या खाली असेल तरच तिथून जाता येतं. नाहीतर लाटा थेट कड्याला लागतात. मधल्या खडकांत लाटेने कोरलेल्या खोल घळी आहेत, त्यांत पाणी घुसतं ते भोवऱ्यासारखं. चुकलात तर परत फिरून वरची जंगलातली चिखलवाट, किंवा सहा तास खडकावर बसून राहणं.

"तिथी कुठली त्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, त्याचे तक्ते मिळतात. मिनिटामिनिटाचे."

"ते मिळू देत. तिथी सांग."

बाबांचं गणित कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाचं असतं तेच. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की सुकती. तोंडी हिशेब. त्यांनी पॅसिफिकचाही तसाच केला. मी हसून कॅनडाच्या जलविज्ञान खात्याचा तक्ता उघडला, आणि बाबांचं गणित फार तर तास-दोन तासांनी चुकलेलं निघालं. त्यातला एक तास तर सरकारी, कारण इथे घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं.

हा योगायोग आहे, हे मला मान्य आहे. प्रत्येक बंदराची आपली आपली ढिलाई असते. चंद्र डोक्यावर आल्यावर पाणी किती वेळाने चढायचं हे तिथल्या समुद्राची खोली आणि किनाऱ्याचा आकार ठरवतात. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर पाऊणपटीचा हिशेब साफ आपटला असता. पण बाबांना मी हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "चंद्र एकच आहे ना?"

जिथे त्यांचा हिशेब खरोखर अडला ती जागा वेगळी. दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन सुकत्या आपल्याकडेही अगदी सारख्या नसतात, पण इथे त्यांच्यात कधीकधी फारच फरक पडतो. चंद्र विषुववृत्तापासून जितका उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला, तितका हा फरक मोठा. म्हणजे सकाळची सुकती खूप खाली जाईल आणि संध्याकाळची जेमतेम जाईल. संध्याकाळच्या सुकतीच्या भरवशावर ओवेन पॉइंटला गेलात तर घड्याळ बरोबर आणि पाणी चूक, अशी गत. हे ऐकून बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "एका दिवशी दोन सुकत्या, एक थोरली एक धाकटी. असं होय." दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप: "थोरली सकाळची कधी पडते ते बघून मुक्काम ठरव. एकादशीला ती पहाटेच्या अंधारात जाईल. पौर्णिमेनंतर दोन दिवस थांब. उधाणाचं पाणी जितकं चढतं तितकंच उतरतं, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला धड चढत नाही की उतरत नाही."

आमची तारीख त्यामुळेच 26 ठरली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. जानेवारीत आरक्षण उघडायच्या आधी मी तक्ता घेऊन तीन रात्री जागले होते, आणि शेवटी पोहोचले ते याच उत्तराला: 29 ला पौर्णिमा, 31 च्या किंवा 1 ऑगस्टच्या सकाळी ओवेन पॉइंट. बाबांनी ते चहा संपायच्या आत काढलं.

*

बाकी तयारी कंटाळवाणी आहे आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. उत्तरेकडून सुरुवात करायची की दक्षिणेकडून, यावर माणसं एकमेकांशी भांडतात. आम्ही उत्तरेकडून, कारण शिड्या बऱ्याचशा दक्षिणेत आहेत आणि तिथे पोहोचेपर्यंत खिचडी पोटात गेलेली असेल, पाठीवर नाही. ओझं आपल्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत ठेवावं म्हणतात. माझा पाव हिस्सा साडेचौदा किलो. पहिल्यांदा भरली तेव्हा पिशवी एकोणीस भरली. मग स्वयंपाकघरातला काटा आणून एकेक वस्तू तोलली. टूथब्रशची दांडी कापणारे लोक मला पूर्वी वेडे वाटायचे.

नद्यांचं मात्र मला आकर्षण आहे. काही नद्यांवर तारेवरून सरकणारे पाळणे टांगलेले आहेत: दोघांनी आत बसायचं आणि दोर हाताने ओढत पलीकडे जायचं. जिथे पाळणा नाही तिथे पायी, आणि तेव्हा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पाय घसरला तर पिशवी सोडून देता येते. ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, झाडपाल्याच्या अर्काचं. गाळून घेतल्याशिवाय प्यायचं नाही. आणि खडकांवर शिणाणे, म्हणजे शिंपले, इतके लगडलेले असतात की मालवणात असते तर दुपारपर्यंत टोपलीत गेले असते. पण हात लावायचा नाही. उन्हाळ्यात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं, आणि ते शिजवून जात नाही. माझ्यासारखीला अस्वलांपेक्षा हीच सूचना जास्त कडक वाटते. सुदैवाने मध्यावर निटिनॅटची खाडी आहे. तिथे तरीने पलीकडे जावं लागतं, आपल्यासारखंच! डिटिडाट लोक ती होडी चालवतात, आणि त्यांच्याकडे ताजा खेकडा शिजवून मिळतो. मी आमच्या वेळापत्रकात त्या दिवशी 'कुर्ल्या' एवढंच लिहिलं आहे.

अस्वलं आहेत. लांडगे आहेत, प्यूमा आहेत. खाण्याचं आणि वासाचं सगळं मुक्कामावरच्या लोखंडी पेट्यांत कुलूपबंद करायचं, दातांच्या पेस्टसकट. यावर मैत्रीण आणि माझी बैठक झाली, विषय एकच: हिंग. शेवटी हिंगाची डबी वगळायची असं ठरलं. तो वाळवताना आमटीतच पडलेला आहे.

*

एक गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. आम्ही जिथून सुरुवात करणार त्या पचीना बेवर हू-ए-आट लोकांचं एक गाव होतं. हिवाळ्यातल्या एका रात्री जमीन हलली, आणि समुद्र आत आला. गाव गेलं. त्यांच्या तोंडातोंडी ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. किती जुनी, ते बाहेरच्या कुणाला सांगता येत नव्हतं. मग जपानमधल्या नोंदी जुळवताना शास्त्रज्ञांना 1700 सालच्या जानेवारीत तिथे भूकंप न जाणवता आलेली एक त्सुनामी सापडली. मागे मागे मोजत गेल्यावर इकडच्या भूकंपाचा दिवसही मिळाला: 26 जानेवारी 1700, रात्री नऊच्या सुमारास. लोकांनी सांगितलं होतं तशीच रात्र.

बाबांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, "लोक सांगत होते तेव्हा विश्वास ठेवायचा होता." मग जरा थांबून, "तंबू उंचावर लावा."

आज सकाळी त्यांनी कागदाचा फोटो पाठवला आहे. वहीचं पान, फूटपट्टीने आखलेले रकाने, शिक्षकी अक्षर. तारीख, तिथी, थोरली सुकती, धाकटी सुकती, शेरा. 29 च्या पुढे: "पौर्णिमा. उधाण. लाकडांच्या ओळीच्या वर झोपणे." या किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेल्या प्रचंड ओंडक्यांच्या रांगा असतात हे त्यांनी माझ्याच एका फोटोत पाहिलं होतं. उधाणात ते ओंडके तरंगतात, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. 31 च्या पुढे: "द्वितीया. सकाळी. पाणी फिरण्यापूर्वी पलीकडे." वेळांच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं आहे आणि खाली टीप दिली आहे, की तुझ्या तक्त्याशी ताडून मगच शाईने लिही.

मी ते पान छापून घेतलं, खात्याच्या तक्त्याबरोबर एकाच जलरोधक पाकिटात घातलं. पाकिटासकट एकोणीस ग्रॅम. त्यासाठी कंगवा काढला.

एका गोष्टीचा निकाल अजून लागायचा आहे. घरून निघायच्या दिवशी, 25 ला, आम्ही आगबोटीने बेटावर जाणार, आणि त्या दिवशी एकादशी. आईने काल विचारलं, "मुगाची वाळते, तर साबुदाण्याची का नाही वाळणार?" मी म्हटलं, दाण्याच्या कुटाला तेल सुटतं, तेलकट वाळत नाही, खवट होतं. ती म्हणाली, "कूट वेगळा ने."

म्हणून कोबीच्या ताटलीत आज साबुदाणा आहे. सहा तास झाले. अजून चिकट आहे.